कडता

मोंढ्यातला लिलाव उरकल्यावर
बाबांच्या ओळखीच्या अडतीत
लिंबाजी हमालानं माझी बॅग काट्यावर ठेवली,
सोयाबीनच्या दोन कट्ट्यांच्या मधे.
साडेचोवीस.
मी म्हटलं, विमानवाले तेवीसच घेतात.
'मंग दीड किलो कडता धरा की, ताई.
आमी तं वल दिसली की धरतोच.'
ओल कुठं दिसली, ते त्यानं सांगितलं नाही.

वर्षभराचं आवरायचं म्हणजे
आधी पुण्याच्या कंपनीचं पत्र,
की ही बाई जगात कुठूनही पगारपत्रकं करू शकते.
सहा वर्षं ती मी जिंतूर रोडच्या वरच्या खोलीत केली,
इन्व्हर्टर कण्हत असताना,
दुपारी पत्रे तापल्यावर पाय बादलीत ठेवून.
तेव्हा हे पत्र कुणी मागितलं नव्हतं.

चौकशीला आलेल्या शिपायानं विचारलं,
'लग्न जमलंय का तिकडं?'
नाही.
'कामून मंग?'
फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता,
त्यानं चहा संपवला आणि सही घेतली.

मुनाफभाईंनी कुडत्याला आतून खिसा लावला.
माप घ्यायला पासपोर्ट दिला, तर आधी हात पुसले,
मग पहिलं पान उलटून माझा फोटो पाहिला,
म्हणाले, घाबरलेल्या दिसता.
दुहेरी दोरा घातलाय. पैसे घेतले एकेरी शिलाईचे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी',
गल्लीत प्रत्येकानं एकदा तरी म्हणून दाखवलं.
माझ्या यादीत जर्मनी नाही हे कळल्यावर
माणसं मनापासून नाराज झाली.

बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते.
एकतीस वर्षं भोंग्यातून सांगत राहिले
कोण कुठं निघालंय, कोणत्या फलाटावरून.
स्वतः गेले ते फार तर तुळजापूरला,
तेही पास होता म्हणून.

परदेशात बँक मला ओळखणार नाही.
ती सहा आकडे इथंच पाठवणार, या जुन्या नंबरवर.
म्हणून जुना फोन बाबांच्या टेबलावर राहील,
आणि रोज जेवणानंतर आमची तालीम चालते.
'चार... शून्य... सात...'
दोन आकड्यांमध्ये ते इतकं थांबतात,
जणू कुणाला तरी पिशव्या उचलून पळत यायचंय.
शेवटची ओळही वाचतात, खणखणीत:
'हा क्रमांक कोणालाही सांगू नका.'
बाबा, दोन मिनिटांत तो वाया जातो!
'गाडी फलाटाला लागल्याशिवाय घोषणा करू नये.'

त्यांनी वहीत रकाने आखलेत. गाव, वेळ, शेरा.
तिबिलिसी : आपले दहा, तिचे साडेआठ.
दा नांग : आपले दहा, तिचे साडेअकरा.
लिस्बन, हिवाळी : आपले दहा, तिचे पहाटेचे साडेचार.
शेरा : झोपेचे हाल.
चौथं गाव माझं अजून ठरत नाही.
त्या ओळीत पेन्सिलीनं एकच शब्द, 'मुक्कामी'.
म्हणजे ती शेवटची गाडी,
जी रात्री गावातच झोपते
आणि उजाडायच्या आत पहिली होऊन निघते.
मी विचारलं नाही, गाव कोणतं.

आता बॅग उघडून बसलेय.
शाल काढली. एक चार्जर काढला.
जाडे बूट पायात घालून जाईन.
येसराची डबी आत ठेवते, बाहेर काढते,
झाकण घट्ट आहे ना म्हणून तिसऱ्यांदा उघडते,
आणि कुडत्याच्या नव्या खिशाला
धण्या-खोबऱ्याचा वास लागतो.
दीड किलो झालं असेल का?
काटा मोंढ्यात, मोंढा बंद.

पलीकडच्या खोलीत जुना फोन वाजतो.
मी तर कुठलाच आकडा मागवलेला नाही.
बाबा घसा साफ करतात.