शेपटीवरचा दाब

फर्मागुडीच्या टेकडीवर, प्राणीगृहात,
सकाळी साडेसातला मी तिची शेपटी कोमट करते.
नळीत दहा मिनिटं, छत्तीस अंश,
मग शेपटीभोवती अंगठीएवढा पट्टा.
फुगतो. सुटतो. कागदावर सुई थरथरते.

एकशे नव्वद. ही जन्मजात अशीच,
आई तशी, आजी तशी,
दाब म्हणजे यांच्या घराण्याचं आडनाव.

चौदाव्या दिवशी एकशे ब्याऐंशी.
अठराव्या दिवशी एकशे साठ.
विसाव्या दिवशी, पोट लाकडी भुशाला टेकलेलं,
एकशे बावीस.
मी पट्टा बदलला. पुन्हा एकशे बावीस.
आग्नेल म्हणाला, मशीन पाड जालां.
मशीन बरोबर होतं.

औषध दिलं नव्हतं. मीठ तोडलं नव्हतं.
आत बसून कुणी वाटा मोकळ्या करत होतं,
बोटाच्या पेराएवढे नऊ जण.

बांबोळीला, वॉर्डात, माझी जाऊ सुरंगा
सातव्या महिन्यात, डाव्या कुशीवर.
तिचा पट्टा रुंद, तिचा आकडा चढता.
विचारते, तुझ्या उंदरांचं काय गं?
मी म्हणते, बरं आहे.
कुठल्या तोंडानं सांगू, की त्यांचा उतरतो.

बाविसाव्या रात्री ती व्याली.
तिसऱ्या दिवशी पिल्लं दुधाला लगडलेली,
आणि सुई परत एकशे अठ्ठ्याऐंशीवर.

वहीत आकडा लिहिला.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथं कुणी काही लिहीत नाही,
लिहिलं: बिऱ्हाड हललं.
मग खोडलं.
पेन्सिल होती, तरी दिसतं.