तोंडातला ऐवज

मोरबे धरणाचं पाणी मऊ. डाळ लवकर शिजते.
मलावीच्या माशांना मात्र ते मानवत नाही,
त्यांना पाणी लागतं कडक, चुन्याचं, दगडाला घासून आलेलं.
म्हणून फिल्टरच्या डब्यात, माझ्या एका विटक्या मोज्यात
कालवांच्या शिंपल्या बांधून ठेवल्यात.
शिंपल्या घरमालकांनी दिल्या.
हशा मढवी, तळवली गावठाण, वय कागदावर वेगळं आणि तोंडी वेगळं.
"खारीन पडल्यात गोनीभर. किती पायजेत?"

पीएचचा कागद आता निळसर होतो.
सोड्याचा डबा ओट्यावरून टाकीपाशी आला
तेव्हापासून ढोकळा फुगत नाही,
आणि सुनेत्राला मला जे बोलायचं असतं
ते ती माशांना बोलते.

नराच्या पोटाखालच्या परावर दोन ठिपके,
हुबेहूब अंड्यांसारखे. खोटे.
पिवळीनं आपली अंडी घातली, लगेच तोंडात उचलली,
आणि ही दोन राहिली की काय म्हणून
त्या ठिपक्यांना टोचत राहिली.
तेवढ्यात त्यानं काम उरकलं.
फसवणूकच ती. पण त्याशिवाय
तोंडातली अंडी नुसती अंडीच राहिली असती.

मग ती खडकामागे गेली.
माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळं घर म्हणतं.
हिनं जबडा मिटला तो मिटला.
गोळ्या टाकल्या की बाकीचे उसळतात,
ही नुसती बघते, हनुवटी फुगलेली,
मधूनच आतल्या आत घोळवते,
चूळ भरल्यासारखं, पण काहीच न थुंकता.
दहाव्या दिवशी पोट पाठीला लागलं.

त्याच दिवशी बाबा भाड्याला आले.
पैसे न मोजता काचेपाशी बसले.
"ही जेवत नाय का?"
सांगितलं. मला वाटलं, हसतील.
"आमचे शिंगाल्यात बाप धरतो," म्हणाले.
"भराव नव्हता तवा. राती जाल्यात गावला एक,
होडीत टाकला नि त्यानं त्वांड उघडलं.
द्राक्षावानी अंडी. तलाशी गडगडत गेली.
मरताना पन एकेक सोडत होता, मोजून."
"मग?"
"मंग काय. आयेनं तव्यावर परतली.
ग्वाड लागली. खोटं कशाला बोलू."

अठराव्या रात्री मी जाळी घेतली.
वीज गेलेली, बॅटरीचा पंप घुरघुरत होता,
बाबांनी टॉर्च धरला, हात त्यांचा हलत नव्हता, माझा हलत होता.
ओल्या तळव्यात पिवळी,
काडेपेटीची काडी तिच्या खालच्या ओठाला.
तिनं दात आवळले. मीही आवळले असावेत.
मग एक शेपूट दिसलं,
मग टबात सगळी सांडली,
डोळेच डोळे, पोटाला अजून बलकाची पिवळी गाठोडी.
सव्वीस. एक वाकडं.
सुनेत्रानं पुन्हा मोजली: सव्वीस.

आईला परत सोडलं.
दोन दिवस ती रिकामं तोंड घोळवत होती.
तिसऱ्या दिवशी खायला वर आली,
आणि टबातल्या पोरांसमोरून
अशी गेली, जणू शेजारच्या इमारतीतली.

पुढच्या महिन्यात बाबा आले ते शिंपल्यांची पिशवी घेऊन.
"रायली किती?"
"एकोणीस."
मान हलवली. हा आकडा वाईट नाही, अशी.
बराच वेळ टबात बघत बसले,
नखाएवढी, आता पिवळी धरू लागलेली.
"एक मना दे. नातवाला."
मी पिशवीत पाणी भरायला उठलो.
"नको," म्हणाले, "ऱ्हाऊ दे.
ठेवू कुठं? पान्याला जागा नाय आता आमचेकडं."