चीक

केळीचा चीक लागतो तेव्हा दिसत नाही.
पाण्यासारखा असतो. सकाळी तांबूस,
धुतला की काळा,
मग कापड फाटेपर्यंत तिथंच.
सावद्याच्या कुठल्याही पोराला विचारा.
त्यांना माहीत नव्हतं. त्यांचे मळे होते,
मळ्यात ते कधी गेले नव्हते.

शनिवारी प्रिलिमचा शेवटचा पेपर,
तिथूनच गाड्या निघाल्या, फलकांच्या मळ्यात भरीत पार्टी.
ओजस, निर्मित, ऋजुल, कांकरियांची मिहिका,
तेजोमय भंगाळे, जो परत आला नाही,
आणि मी, फी-माफीवाली,
पहिल्यांदाच बोलावलेली.
पानं मीच कापली.
वांगी पऱ्हाट्यांवर फुटत होती, बडगीत मिरच्या,
आणि तेजोमय फोन हलवत हसला,
"सोमवारी प्रिन्सिपॉलना दाखवतो."
काय, ते मला कुणी सांगितलं नाही.

शेततळ्याला काळं प्लास्टिक असतं.
पट्टीचा पोहणाराही त्यावरून वर येत नाही,
म्हणून दोर सोडलेला असतो, निळा, गाठींचा.
दुरसिंग पावरा म्हणाला, अंधार पडला तेव्हा होता, साहेब.
सकाळी तो पंपाच्या खोलीत, खिळ्याला,
आठाच्या आकड्यात गुंडाळलेला,
खालचं टोक अजून ओलं.
दुरसिंगला तीन दिवस ठाण्यात बसवलं.
पेपरात आलं: पाय घसरून.

रविवारी रात्री अर्ध्या शटरखालून
ड्रायव्हर वाकला.
"शाळेचे पाच शर्ट. सकाळी हवेत. पैशांचं बोलू नका."
मापं वहीत होतीच.
चार नावं वडिलांनी मोठ्यानं वाचली.
पाचवं वाचलं नाही.
मशीन सुरू केली.
बटणं मी लावली, पाचही शर्टांना.

सोमवारी दोन मिनिटं शांतता.
पहिल्या रांगेत आम्ही,
पांढरेशुभ्र, इस्त्रीचा वास येणारे.
मिहिकानं माझा हात धरला होता. घट्ट.
शाळेत माझा हात कुणी धरलेला नव्हता.
इन्स्पेक्टर म्हणाले, "तू कुठं होतीस, बेटा?"
"पानं कापत होते."
कापत होतेच की,
आधी.

संध्याकाळी दुकानात दोऱ्याची लड सुटली.
अंगठा, करंगळी, अंगठा, करंगळी,
हात आपोआप चालतात.
असं गुंडाळलं की गुंता होत नाही,
वडिलांनीच शिकवलंय.
त्यांनी कात्री खाली ठेवली.
बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
"राहू दे," म्हणाले,
"ते मी करतो."