बोली

माझ्यावर कधी कुणी बोली लावली नाही.
एका क्लबाने दुसऱ्याला मला दिलं तेव्हा
बदल्यात दोन जाळ्या आणि एक रोलर आला,
असं किटवाला सांगायचा आणि हसायचा.
मीही हसायचो. रोलर चांगला होता.

दत्तनगरात आमच्या घरात चार माग.
खटाखटीत आई हाक मारायची ती हातवाऱ्यांनी.
पुढे लेफ्ट बॅकला तेच कामी आलं,
मैदानावरचा आरडाओरडा मला ऐकूच यायचा नाही.
तसे प्रेक्षक तरी किती असायचे.

सोळा वर्षं.
मिरजेला दोन, कोल्हापुरात तीन पेठा,
मडगावला एक पावसाळा बाकावर,
शिलाँगच्या थंडीत घरून नेलेल्या दोन चादरी,
त्यातली एक भाड्यापोटी मालकिणीला गेली.
मोरांची होती. अजून वापरत असेल.

धाकटा राजेशम मागाचा जॉबर.
कंबर तलावापलीकडे ज्याने पाणी पाहिलं नव्हतं
तो जहाजावर फिटर म्हणून चढला.
"इंजिन म्हणजे मोठा मागच की, अन्ना."
एजंटाला दीड लाख दिले. भावजयीचे गोठ गेले.

मग एका पहाटे, एडनच्या पुढे कुठेतरी,
दोन होड्या, एक ॲल्युमिनियमची शिडी
आणि सात पोरं.
कंपनीने एवढंच कळवलं.
भावजय हजार विड्या वळणारी;
आता नव्वदच्या पुढे आकडा विसरायची
आणि पुन्हा एकपासून मोजायची, तेलुगूत.

पाचव्या महिन्यात रात्री दोनला फोन.
"फुटबॉलर?"
मी हो म्हणालो.
मोडक्या इंग्रजीत आवाज म्हणाला,
तू मोठा खेळाडू आहेस, तुझा भाऊ सांगतो.
कंपनीचे वेगळे. तुझ्याकडून तीस हजार डॉलर.

पहिल्यांदा कुणाला तरी मी महाग वाटलो होतो.
क्षणभर, खोटं कशाला सांगू,
बरं वाटलं.

मग अंधारात खाटेवर बसून
स्वतःला स्वस्त करायला लागलो.
दोनशे अकरा सामने, म्हणालो, निम्मे बाकावर.
गोल एक, तोही त्यांच्याच माणसाला लागून आत गेलेला.
शेवटच्या क्लबाने तीन महिन्यांचे पैसे बुडवले,
आता तिथे मंगल कार्यालय आहे.
शाळेत पी.टी. शिकवतो, तासावर.
गुडघा गेलाय.
अजून काय सांगू? पेपरात एकदा नाव आलं होतं,
तेही चुकीचं छापलं.

पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
मग त्याने विचारलं,
"कुठला गुडघा?"
डावा, म्हणालो.
फोन कट.

त्यानंतर आकडा उतरला का, ते कंपनीच जाणे.

नवव्या महिन्यात राजेशम आला.
सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधून उतरला तेव्हा
पिशवी आधी मी ओळखली, मग तो.
घरी कडक भाकरी, शेंगाचटणी, वरून दही;
तो भाकरी मोडेना, नुसती हातात धरून बसला.
मग म्हणाला, डेकवर खेळायचे रे ते,
तेलाची दोन पिंपं लावून.
मला गोलीत उभं करायचे.
तुझं नाव घेतलं मी, अन्ना.
दुसरं मोठं काय होतं माझ्याजवळ सांगायला.

मी त्यांना काय सांगितलं
ते त्याने विचारलं नाही. मीही बोललो नाही.
पण कधीकधी तो माझ्या डाव्या पायाकडे बघतो.

संध्याकाळी रेल्वेच्या मैदानावर मी पोरं खेळवतो.
तो रेषेबाहेर, चपला काढून बसतो.
बॉल बाहेर गेला की तोच उठतो,
दोन्ही हातांनी उचलतो,
पोटाशी धरतो
आणि उभाच राहतो.
पोरं ओरडतात,
"काय करलालाव काका, द्या की!"