थांबा : बारा मिनिटं

माझ्या बसला सहा चाकं आणि तीन भाषा.
इथे नॉर्वेच्या वरच्या टोकाला
नोव्हेंबर सरता सरता सूर्य रजेवर जातो,
मग मी भरदुपारी दिवे लावून फिरते
फियोर्डच्या काठाकाठानं.
मागे दोन हजार पुस्तकं
वळण आलं की एकमेकींच्या अंगावर रेलतात.

मासळीच्या कारखान्यापाशी टोरस्टाइन चढतो.
अकरा वर्षं त्यानं फक्त खून वाचले.
या खेपेला नेलं
बाईची पाळी थांबते त्याविषयीचं जाडजूड पुस्तक.
"बायकोसाठी," म्हणाला,
मी काही विचारलं नसताना.
परत आलं तेव्हा पानोपानी
यंत्राच्या तेलाचे अंगठे.
रात्री घामाघूम होऊन ती उठून बसते,
त्या पानावर दोन.
खराब केल्याचा दंड असतो.
मी लावला नाही.
"याचा दुसरा भाग निघालाय का?"

शाळेपाशी पोरं बुटांचा बर्फ न झटकता आत घुसतात.
योव्ना, वय सहा :
"मुलगा विणतो ते आलं?"
आलं.
तो जमिनीवर फतकल मारून बघतो आणि निकाल देतो :
"चित्र काढणाऱ्याला विणता येत नाही.
सुया अशा धरतात का कुणी?"

आइले सोळाची.
स्नो-स्कूटर दुरुस्तीच्या दोन पुस्तकांमध्ये
दाबून आणते तिसरं,
दोन मुलींचं.
नोंद करताना नाव मोठ्यानं वाचायची माझी सवय.
तिचं वाचत नाही.
कार्बोरेटर, म्हणते मी,
आणि पुन्हा कार्बोरेटर.
ते पुस्तक वसंतात परत येतं, शेवटच्या पानावर पेन्सिलीनं :
*यात कुणी मरत नाही.*
त्याखाली वेगळं, तिरपं अक्षर :
*माहितेय. म्हणून तर पुन्हा नेलं.*
नियमाप्रमाणे हे खोडायला हवं.
माझं रबर तेव्हापासून सापडत नाही.

शेवटचा थांबा एकाच घराचा.
रिस्तेन, अठ्ठ्याहत्तर,
पायरीशी उभी राहून मला थर्मासमधली कॉफी देते,
आत येत नाही.
सातव्या वर्षी वसतिगृहाच्या शाळेत
जेवताना घरचा एक शब्द तोंडून गेला
आणि ताट उचललं गेलं.
तेव्हापासून पुस्तकं त्यांची,
म्हणजे माझ्या लोकांची.
मी कॉफी पिते. ती कडू असते. असू दे.

यंदा मीच एक खाली नेलं. सामी भाषेतलं, चित्रांचं :
एक बाई बर्फ सारायची गाडी चालवते,
शेजारी तिची भाची.
रिस्तेननं पान हाताखाली धरलं,
जसं कुणी अनोळखी जनावराचं कपाळ धरावं.
"बोलते मी हे सगळं.
वाचायला कुणी शिकवलं?"

मग शेजारची सुन्ना आली, वय सात,
पुढचे दोन दात पडलेले,
आणि बोट ठेवून वाचू लागली.
एका शब्दाशी थबकली : मावशी.
माझ्या नॉर्वेजियनमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी
साऱ्या एकाच पोत्यात.
त्यांच्यात आत्या वेगळी,
मावशीसुद्धा थोरली वेगळी, धाकटी वेगळी.
सुन्नानं धाकटी म्हटलं.
"थोरली!" रिस्तेन कडाडली.
"नीट बघ अक्षरं. आणि केस बघ तिचे, पिकलेत."
मग स्वतःच खाली वाकली त्या अक्षरांवर.
"कुठलं म्हणालीस ते? हे?"

कार्डावर नाव घालताना मी जुन्या यादीतलं विचारलं,
शाळेनं दिलेलं,
क्रिस्टिने.
"ती वारली," म्हणाली. "रिस्तेन लिही."

बारा मिनिटांचे पन्नास झाले.
वेळापत्रकात उशिराच्या कारणाला बोटभर रकाना असतो.
मी लिहिलं : रस्त्यावर बर्फ.
रस्ता कोरडा होता.