नळीवरचं नाणं

म्हापशाच्या दुकानात कायतान बार्रेतो
आधी माझ्याशी बोलतच नव्हता.
भाच्याकडे बघून सांगत होता सगळं,
जसा परवाना त्याच्याच नावचा.
मी पिशवीतून कागद काढून काचेवर ठेवला:
सत्यवती गावस, मु. झर्मे, सत्तरी.
पीक-संरक्षण. एक नग.

मग त्यानं चष्मा पुसला.

घरी होती ती ठासणीची, सासऱ्यांची.
दारू कोंबायची, छर्रे कोंबायचे
आणि देवाचं नाव घ्यायचं.
आवाजानं पोफळीची सुकली विरी गळायची;
डुक्कर पाटापलीकडे उभं राहून
विचार केल्यासारखं ऐकायचं.
एका वर्षी लागली. नीट लागली नाही.
चार दिवस ते रक्त सांडत हिंडलं,
आमच्या कुळागरातून शेजारच्या,
तिथून ओहळात.
वासावरून सापडलं.
त्या आठवड्यात घरात कुणी धड जेवलं नाही,
ह्यांनी बंदूक माळ्यावर टाकली ती टाकलीच.
आता ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू
आणि केळींत रोज पहाटे नांगरट.

म्हटलं, मला ती द्या
जी मी सांगेन तिथेच जाते.

त्यानं तीन मांडल्या.
पहिलीचा दस्ता आरशासारखा, फोटोला बरी.
दुसरीवर हातभर दुर्बीण; भाचा तिथेच अडकला.
तिसरी जड. नळी मुसळाएवढी,
लाकडावर कुणाचा तरी जुना ओरखडा.

तिसरीचा बोल्ट ओढून पाहिला.
वर, मागे, पुढे, खाली.
आमच्या गोठ्याची कडी अशी बसते,
पावसाळ्यात नाही, मार्चमध्ये.
कायताननं दहाची नोट घेतली,
नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली.
कुठेही न अडता ती आतपर्यंत गेली.
"ही कुणाला टेकत नाही, बाये,
म्हणून सरळ बोलते."

गल्ल्याच्या तळातून एक जुना एस्कुदो काढला,
नळीच्या टोकावर, माशीच्या मागे ठेवला.
बंदूक रिकामी आहे, तीनदा बघितलं.
"ओढ चाप. नाणं पडता नये."

पडलं.
दुसऱ्यांदा कपाटाखाली गेलं,
भाचा गुडघ्यांवर.
तिसऱ्यांदा मी श्वास अर्धा सोडला,
अडकित्त्यात सुपारी धरतो तसं
दाबत राहिले, दाबत राहिले,
कधी तुटते ते आपल्यालाही कळत नाही.

टक्.
नाणं जागेवर.
कायतान कोकणीत काहीतरी पुटपुटला
आणि किंमत मला सांगितली, भाच्याला नाही.

डिचोली गेली, साखळी गेली,
टेम्पोत मांडीवर ते वजन.
ठासणी चुकली की म्हणायचो, वारा होता,
दारू दमटली, बंदूकच म्हातारी.
हिच्याजवळ सबब एकही नाही.
घाम आला मला होंड्याच्या वळणावर.

सहाव्या दिवशी निवडणूक लागली.
वाळपईच्या ठाण्यात रांग,
सत्तरीतले सगळे बंदुका घेऊन,
डोस पाजायला पोरं आणल्यासारखे.
हवालदारानं चिठ्ठीवर सत्यभामा लिहिलं.
मी खोडायला लावलं.
म्हणाला, मतमोजणी झाली की या.
म्हटलं, डुकरांना कळवा.

रात्री माळ्यावर बसले.
पत्र्याचा डबा, बॅटरी, एक बांबू.
हसू नका कुणी:
बांबूच्या टोकावर पाचचं नाणं ठेवलं.
ती आली, पाट ओलांडून,
मोठी पुढे, मागे पट्ट्यापट्ट्यांची सहा पिल्लं.
मी मोठीच्या खांद्यामागे नेम धरला.
श्वास अर्धा.
नाणं हललं नाही.
किती वेळ, कुणास ठाऊक.
डबा वाजवायचं राहूनच गेलं.

सकाळी तीन केळी आडव्या.
पाच रुपये पिशवीत टाकले,
दुकानातून काड्यापेट्या आणल्या.
हे विचारत होते, काल आली नव्हती वाटतं,
डबा ऐकू नाही आला.