पायगुण

बिशप्स कासलच्या उतारावर, खाटकाच्या दुकानावरची खोली.
इथं मी एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिते,
मंगळवार ते गुरुवार, हीटर जवळ ओढून.
जमेच्या बाजूला :
ग्वेंडाबाईंचे लिंबाचे केक, एकतीस पौंड.
शाळेच्या पोरांनी धुतलेल्या मोटारी.
एका मृत्युपत्रातले चारशे, नाव न सांगण्याच्या अटीवर.
खर्चाच्या बाजूला :
अंगोला, बिए प्रांत, नदीकडचा तुकडा,
बाराशे चौरस मीटर.

मनातल्या मनात मी त्याचे गुंठे करते.
बाराला थोडे कमी.
दोन माणसं गुडघ्यांवर बसून अख्खा हंगाम ते विंचरतात,
आईनं लेकीच्या डोक्यातली ऊ शोधावी तसे,
बोटभर, मग आणखी बोटभर.
केकच्या एका फोडीत किती बोटं जमीन सुटते
हे मी काढून पाहिलंय. सांगत नाही कुणाला.

मराठीत आपण किती सहज म्हणतो,
अमक्यानं तमक्याच्या बेताला सुरुंग लावला.
मी हल्ली म्हणत नाही.

मार्चमध्ये फेलिस्मिना आली.
डावा पाय गुडघ्याखाली संस्थेचा,
म्हणजे वहीच्या सत्तेचाळिसाव्या पानावरचा,
पावती मीच लावलेली.
हॉलमध्ये खुर्च्या मांडून झालेल्या, रुमाल तयार.
तिनं कुणालाच रडवलं नाही.
दुभाषीकडून विचारलं, मेंढी केवढ्याला जाते इथं?
आकडा ऐकून हसली.
मग म्हणाली, पाय चांगला आहे, पण पावसात चिखलात रुततो,
पुढच्यांना तळवा रुंद द्या.
मी लिहून घेतलं. टाळ्या जरा उशिरा आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एमरिस प्रॉसरच्या रानात नेलं,
नवी कोकरं दाखवायला.
फाटकाशी पाटी : सार्वजनिक पायवाट.
मी ती मोठ्या अभिमानानं वाचून दाखवली,
जणू माझ्याच पणजीनं पाडली होती.
पुढं नुसतं हिरवं, दवानं भरलेलं.
ती थांबली, हात फाटकावर घट्ट.
इथून कुणी चाललंय?
रोज चालतात, मी म्हटलं.
मग पावलं कुठंयत त्यांची?

माझी आई सकाळी खाटेवरून पाय खाली टाकण्याआधी
भूमीची क्षमा मागायची, पाय लागतो म्हणून.
ते आठवलं आणि मला बोलता येईना.
तिथं कुणी कुणाची मागायची?

एमरिस काही बोलला नाही.
सत्त्याहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे.
फाटक उघडून निघाला, सरळ, मेंढ्यांकडे न बघता,
पार पलीकडच्या काटेरी कुंपणापर्यंत.
वळला. त्याच रेषेवरून परत.
पुन्हा गेला, पुन्हा आला.
तिसऱ्या खेपेला कुत्रीही निघाली मागोमाग,
तिला त्यानं हाकललं नाही.
दव झडून गवतात काळसर पट्टा उमटला,
बुटाएवढा रुंद.

आमच्याकडे नव्या सुनेचा पायगुण बघतात,
तिच्या मागून घरात काय आलं, काय गेलं.
पुढे चाललेल्या म्हाताऱ्याचा पायगुण
मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिनं आधी स्वतःचा पाय टाकला की संस्थेचा,
मला सांगता येणार नाही. मी खाली बघत होते.
अकरा वर्षं मी इथं कुत्रं फिरवते,
आणि त्या पट्ट्याबाहेर माझाही पाय पडेना.
मध्यावर एक कोकरू आलं, तिचा स्कर्ट हुंगू लागलं.
तिनं त्याचा जबडा उघडून दात पाहिले.
एमरिसला विचारलं, विकतोस?

मंगळवारी वही उघडली.
नदीकडचा तुकडा : दीडशे चौरस मीटर बाकी.
ग्वेंडाबाईंचा निरोप, या खेपेला केक कॉफीचे.
एमरिसची पायपीट कुठल्या बाजूला मांडावी
ते सुचलं नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं :
एक शेत, जाऊन-येऊन तीनदा.
वर आधीचीच ओळ होती, शाईतली :
तळवा रुंद.